साडेबारा मीटर

दसरा आणि दिवाळी यांच्या मधले पंधरा-वीस दिवस आले की माझ्या पोटऱ्या दुखायला लागतात. पळणं सोडून मला पंचवीस वर्षं होत आली. दिवसातून सहा तास उभी राहून मी पोरांना भौतिकशास्त्र शिकवते, त्यानं दुखत असतील, असं डॉक्टर म्हणतात. मग एप्रिलमध्ये का दुखत नाहीत? सहा तास तर तेव्हाही उभीच असते. पण सकाळी अंगावर पातळ गारवा येतो, डाळमिलच्या बाजूनं तुरीच्या टरफलांचा धुरळा येतो, आडतीकडे जाणाऱ्या गाड्यांमागे सांडलेलं सोयाबीन कबुतरं टिपायला लागतात, आणि पोटऱ्यांना वाटतं, स्पर्धांचा मोसम आला. आपण हरलो होतो हे बहुतेक त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नाही.

माझा वर्ग लातूरच्या पागा मैदानावर आहे. म्हणजे अगदी मैदानावरच. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली गाळे आहेत आणि त्यातल्या सात नंबरच्या गाळ्यात आमचे क्लासेस भरतात. डोक्यावर पायऱ्या असल्यामुळे छत तिरकं आहे, मैदानाकडच्या अंगाला इतकं खाली येतं की मागच्या बाकावरच्या उंच पोरांना मान वाकवून बसावं लागतं. तिथंच एक जाळीची खिडकी आहे. मी वेग आणि काळाची गणितं सोडवत असते आणि खिडकीतून शिट्टीचा आवाज येतो. पोरं माझ्याकडे बघत राहतात, मी खिडकीकडे.

यंदा मैदानाच्या फाटकावर नवा फलक लागला. हिरवंगार मैदान, त्याभोवती विटकरी रंगाची धावपट्टी, आणि खाली लिहिलेलं: ऐतिहासिक पागा मैदानाचं नूतनीकरण, फुटबॉल आणि मैदानी स्पर्धा, दोन्हींसाठी. तो फलक वाचून मी एकटीच रस्त्यात हसले. पानवाल्यानं विचारलं, "काय झालं मॅडम?" मी म्हणाले, "काही नाही, जुनं गिऱ्हाईक परत आलंय."

कारण हे सगळं एकदा होऊन गेलंय. हाच मोसम होता आणि शब्दसुद्धा हेच होते, फुटबॉल आणि मैदानी स्पर्धा, दोन्हींसाठी.

पागा मैदान म्हणजे निजामाच्या काळातल्या घोडदळाची जागा. घोडे गेले, पोलिसांनी तिथं फुटबॉल आणला, आणि गावानं तो ठेवून घेतला. एका अंगाला काळ्या दगडाच्या सात पायऱ्या होत्या, उन्हाळ्यात पेटलेल्या आणि हिवाळ्यात संध्याकाळपर्यंत कोमट राहणाऱ्या. आमचं घर मैदानामागच्या गल्लीत. वडील तहसीलमध्ये कारकून. गल्लीच्या तोंडाशी महबूबचाचांचं शिलाईचं दुकान. आमचे फ्रॉक, भावाचे सदरे, शाळेचे गणवेश, फुटबॉलच्या संघाच्या चड्ड्या, सगळं एकाच मशीनवर शिवलं जायचं. चाचा तरुणपणी डाव्या कडेनं खेळायचे. पुढे पाय थकले, तर त्यांनी मैदान आखायचं काम अंगावर घेतलं. प्रत्येक सामन्याच्या सकाळी घमेल्यात पांढरी फक्की घेऊन ते वाकून वाकून रेघा ओढायचे. तो चुना त्यांच्या नखांत कायम असायचा, काळ्या सदऱ्याला काज करताना तो दिसायचा.

त्यांना ऐकू कमी यायचं. चाळीस वर्षं मशीनवर बसलेल्या माणसाचे कान तसेच होतात म्हणे. त्यामुळे त्यांच्याशी सगळे ओरडूनच बोलत. गुपित म्हणून चाचांना काही सांगायची सोयच नव्हती, निम्म्या बाजाराला कळायचं.

दुकानाच्या दोन रीती होत्या. एक म्हणजे नवं कापड आलं की आधी पाण्यातून काढायचं, वाळवायचं, मगच कात्री लावायची. "कपडे को पैले पानी दिखाव. जितना सिकुडना है, सिकुड जाने दो," असं ते म्हणायचे. घाईचं गिऱ्हाईक कितीही तडफडलं तरी ही पायरी चुकायची नाही. आणि दुसरी रीत मला तेव्हा गमतीची वाटायची. कोणी तक्रार घेऊन आलं, चाचा पँट आखूड झाली, तर ते एका शब्दानं भांडायचे नाहीत. गळ्यातली पट्टी काढायचे, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "मोज." बहुतेक वेळा पँट बरोबर असायची आणि वाढलेलं पोट निघायचं. गिऱ्हाईक ओशाळून जायचं. चाचा तेव्हाही हसायचे नाहीत, पट्टी परत गळ्यात टाकून कामाला लागायचे.

मी सहावीत होते तेव्हा भूकंप झाला. गणपती बुडवून गाव झोपलं होतं, ते उठलं तेव्हा सगळं बदललेलं होतं. लातूर शहरात घरं उभी होती, पण औशाच्या पलीकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीत जे दिसायचं ते आई आम्हांला बघू देत नव्हती. चार दिवसांत पागा मैदान तंबूंनी भरलं. तंबू कुठून कुठून आलेले, काही वाटेतच फाटलेले. चाचांनी मशीन डोक्यावर घेऊन मैदानात आणलं आणि खालच्या पायरीवर मांडलं. महिनाभर ते तंबू शिवत होते. आम्ही पोरं सुया ओवून द्यायचो. फाटक्या तंबूंना जाड पांढरी नवार लावलेली असायची, जी अगदीच कामातून गेलेल्या तंबूंची होती, ती त्यांनी उसवून गुंडाळून ठेवली.

त्या महिन्यात लोक त्या दगडी पायऱ्यांवर झोपले, स्वयंपाक केला, एका बाईचं बाळंतपण तिथंच आडोसा करून झालं. नंतरचे धक्के यायचे तेव्हा सगळे पायऱ्यांकडे धावायचे, कारण त्या हलत नव्हत्या. हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून पुढे पाच-सहा वर्षांनी जेव्हा मैदान समितीनं सांगितलं की भूकंपामुळे पायऱ्या धोकादायक झाल्यात, त्या पाडून नवा सिमेंटचा स्टँड बांधायचा आहे, तेव्हा मला खरं तर चिडायला हवं होतं. मी चिडले नाही. मी अकरावीत होते, आठशे मीटर पळत होते, आणि त्या नव्या आराखड्यात माझ्यासाठी चारशे मीटरची धावपट्टी होती.

तोवर लातूरची हवा बदललेली होती. आधी धर्मशाळा होती तिथं क्लास निघाले, सरकी भरायची गोदामं होती तिथं क्लास निघाले. नांदेडहून, उदगीरहून पोरं यायला लागली. गल्लीतल्या प्रत्येक घरात वरची खोली रिकामी करून मुलं ठेवली जायची आणि पहाटे नळाला पाण्याऐवजी पोरांची रांग असायची. पायऱ्यांखाली गाळे निघाले तर ते कोणासाठी, हे न सांगता सगळ्यांना कळत होतं.

आमचे खेळाचे सर समितीवर होते. त्यांना सगळे पीटी सर म्हणायचे, मीही तेच म्हणते. माझ्यातली धाव त्यांनीच हेरली होती. पहाटे स्वतः येऊन दार वाजवायचे. शिट्टीला काळी दोरी, अंगात निळा स्वेटर, तोंडात वेलदोडा. माझे वडील माझ्याशी फार बोलायचे नाहीत. सर बोलायचे, चुका सांगायचे, पाठीवर थाप मारायचे. मला त्यांचा फार आधार वाटायचा. हे लिहिताना हात अडतो, पण वाटायचा हे खरं आहे.

अडचण कोपऱ्यांची होती. फुटबॉलला काटकोनातले कोपरे लागतात आणि धावपट्टीला कोपरा चालत नाही. चौकोन आत बसवायचा तर तो बारीक करावा लागतो, नाहीतर त्याची टोकं वळणाला जाऊन टेकतात. फुटबॉलची पोरं खवळली. कोपऱ्यावरून चेंडू मारायचा तर मागून धावत यायला जागा लागते, ती धावपट्टीत जाणार होती. आम्ही पळणाऱ्या मुलींनी समितीला अर्ज दिला, पहिली सही माझी. दोन्हीकडून दुकानाच्या पायरीवर येऊन लोक चाचांच्या कानात ओरडायला लागले, कारण मैदान शेवटी आखणार तेच होते.

चाचा तीन दिवस मशीन चालवत राहिले. चौथ्या दिवशी फुटबॉलच्या पोरांना म्हणाले, "कोना गया तो गया. पोरगी पळेल ना." त्यांच्याच संघातल्या एकानं त्यांना त्या दिवशी गद्दार म्हटलं. मी तिथं होते. मला आनंदच झाला होता.

मग त्यांनी ती तंबूची नवार काढली. जोडून जोडून पन्नास मीटरची केली, प्रत्येक मीटरला काळा टाका, दहाला लाल. टाके घालण्याआधी तीनदा पाण्यातून काढून दोन खांबांमध्ये ताणून वाळवली. मे महिन्याच्या उन्हात, पायऱ्या पाडल्यावर आणि नव्या स्टँडचे खड्डे खणायच्या आधी, आम्ही मैदान आखलं. दोन टोकांना दोन लोखंडी खुंट्या. खुंटीला नवार अडकवून चाचा गोल फिरायचे, झग्याचा घेर कापावा तसे, आणि मी मागून फक्की सोडत जायचे. शेवटी आतली रेघ मोजली. चारशे मीटर आणि वर चार बोटं. चाचांनी ती चार बोटंही पुसून परत आखली.

पावसात फक्की वाहून गेली. ते ठरलेलंच असतं. पावसाळाभर स्टँडचं काम चाललं आणि मैदानाला पत्रे लावलेले होते. दसऱ्याच्या आधी पत्रे निघाले, तेव्हा स्टँड उभा होता, गाळ्यांना शटर बसलेले होते, मैदान मुरूम टाकून सपाट केलेलं होतं आणि त्यावर पांढरी आखणीसुद्धा तयार होती. सर म्हणाले, "चाचांना कशाला तरास? जुन्या खुणांवरच पोरांनी आखलंय."

चाचा बघायला आले. खुंटीपाशी बराच वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे येऊन म्हणाले, "बेटा, खुंटी हिली है. चक्कर छोटा झालाय." मी बूट बांधत होते. मी ओरडून म्हणाले, "असं कसं होईल चाचा? तुमच्याच खुणा आहेत." ते म्हणाले, "हौ. पर हिली है." सरांना सांगितलं, तर ते हसले. "म्हाताऱ्याचे कोपरे गेले गं. आता चक्कर लहान दिसणारच त्याला."

मला ते पटलं. सतरा वर्षांच्या मुलीला जे हवं असतं ते पटतं. त्या आठवड्यात मी आठशे मीटर दोन मिनिटं वीस सेकंदांत पळाले होते. त्याआधी माझी वेळ कधीच दोन पंचवीसच्या खाली गेली नव्हती. उद्घाटनाला सगळ्यांसमोर सरांनी माझी वेळ वाचून दाखवली. नव्या मैदानानं काय केलं बघा, म्हणाले. पेपरात फोटो आला. आईनं तो देवघराच्या दाराला चिकटवला. मीटर कमी झाले असतील ही शंका माझ्या मनात आलीच नाही असं मी इतकी वर्षं म्हणत आले. आली होती. शेवटच्या वळणावर पाय रोजच्यापेक्षा लवकर सरळ रेषेत यायचे, तेव्हा दर वेळी आली होती. मी तिला बसूच दिलं नाही.

विभागीय स्पर्धा नांदेडला होत्या, दिवाळीच्या आठ दिवस आधी. मैदानाबाहेर उसाच्या रसाची गाडी होती, घुंगराचा आवाज मला अजून ऐकू येतो. सर म्हणाले होते, "पहिल्या चक्करला पुढं ऱ्हा, दुसऱ्याला तुझ्या मागं कोण येत न्हाई." मी पुढे राहिले. दुसऱ्या चक्करला, आपल्या मैदानावर जिथं रेघ यायची तिथं मी सगळं संपवून बसले आणि रेघ पुढेच होती. ती शेवटची पंचवीस-तीस पावलं मी कशी काढली ते सांगता येणार नाही. माझ्या शेजारून चार मुली गेल्या. पहिली आली ती किनवटच्या आश्रमशाळेची, अनवाणी. दोन मिनिटं चोवीस. माझी दोन पंचवीसच्या जरा वर, म्हणजे नव्या मैदानाआधी होती तीच.

ती मुलगी नळावर पाय धूत होती. म्हणाली, "तुम्ही लई जोरात सुटलात. तुमचं मैदान किती मीटरचं हाय?" मी म्हणाले, "चारशे." "आमच्याकडं मैदानच न्हाई," ती म्हणाली. "रेल्वेच्या कडंनं पळतो. खांब मोजून." आणि पायांवर पाणी ओतत राहिली.

परतीच्या एसटीत मी सरांना विचारलं, आपला ट्रॅक कमी आहे का? त्यांनी नवा वेलदोडा तोंडात टाकला. मग म्हणाले, "मला बी शंका हुती. तुला सांगितलं न्हाई, मन मोडंल म्हणून. त्या म्हाताऱ्याची पट्टी. नवार हाय ती, पाण्यानं आखडली असंल. कोपऱ्यांचा राग बी असंल, कुणी सांगावं."

घरी कोणी ऐकून घेतलं नाही. वडील म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." दोन दिवस मी अंथरुणात होते. तिसऱ्या दिवशी उठले आणि दुकानात गेले.

दिवाळीच्या आधीचं शिंप्याचं दुकान कसं असतं ते सांगायला नको. पायरीवर बायका, सायकलींवर पोरं, खुंटीवर अर्धे शिवलेले सदरे. चाचा एका माणसाच्या बाहीचं माप घेत होते. मी पायरीवर उभी राहून ओरडले. त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागायचं, पण मी त्यासाठी ओरडत नव्हते. "तुमच्या आखूड पट्टीनं माझं वाटोळं केलं चाचा. कोपऱ्यांचा सूड घेतलात माझ्यावर." बाजार ऐकत होता. त्यांची धाकटी लेक बिलकिस आत काज करत बसलेली, माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी लहान. तिनं मान वर केली.

चाचांनी बाहीचं माप पूर्ण घेतलं, वहीत लिहिलं. मग मागच्या फळीवरून नवारीची गुंडाळी काढली आणि माझ्या हातात दिली. "मोज," म्हणाले.

मी मोजली नाही. घरी जाऊन ट्रंकेत टाकली. शाळेत पोलादी टेप होता, अर्ध्या तासाचं काम होतं. पण पट्टी बरोबर निघाली असती तर मला सरांवर संशय घ्यावा लागला असता, आणि तेवढं बळ माझ्यात नव्हतं. त्यापेक्षा एका बहिऱ्या शिंप्यावर ठेवून देणं सोपं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते गाव देतं असं वाटतं आपल्याला. दोरी कधी कधी आपल्याच हातात असते.

शिंप्याचं माप चुकतं हे एकदा बोललं गेलं की ते फिरत राहतं. पोरं दुकानासमोरून जाताना "चाचा, आखूड, आखूड" ओरडायची. पुढच्या वर्षी गणवेशांचं काम दुसऱ्या दुकानात गेलं. चाचांनी फक्कीचं घमेलं परत हातात घेतलं नाही. मी बारावी झाले, पळणं सोडलं, पुढे शिकायला औरंगाबादला गेले. ते वारले तेव्हा मी तिथंच होते. आईनं पत्रात दोन ओळी लिहिल्या होत्या.

शिकून परत आले, तर नोकरी सरांनीच लावली. सात नंबरचा गाळा त्यांच्या बायकोच्या नावावर होता आणि त्यात त्यांच्या मेव्हण्याचे क्लासेस. मी आनंदानं रुजू झाले. वर्तुळाचा परिघ, सरासरी वेग, शिकवत गेले. सतरा वर्षं झाली.

आता यंदाची गोष्ट. नव्या आराखड्यासाठी एक तरुण इंजिनिअर आली, औशाची पोरगी, जीन्स आणि पायांत धुळीनं भरलेले बूट. वर्ग सुटल्यावर परवानगी मागून आत आली, बरोबर जुना निळा नकाशा. तो बाकांवर पसरला आणि मागच्या तीन बाकांखाली खडूनं एक रेघ ओढली. "मॅडम, जुन्या ट्रॅकची बाहेरची कड इथनं जायला पाहिजे हुती. स्टँडचा पायाच चार मीटर आत घेतलाय. गाळे खोल पाहिजे असतील."

"मग ट्रॅक किती भरतो?" मी विचारलं.

ती सांगणार होती, पण त्याआधी माझं मलाच आलं. रुंदी चार मीटरनं कमी, म्हणजे दोन्ही वळणांचा मिळून जो गोल, त्याचा व्यास चारनं कमी. परिघ म्हणजे व्यास गुणिले पाय. साडेबारा मीटर. दोन चक्करला पंचवीस. हे गणित मी दरवर्षी त्याच बाकांसमोर उभी राहून सोडवत होते, फक्त उदाहरण सायकलच्या चाकाचं घ्यायचे.

त्या संध्याकाळी ट्रंक उघडली. नवार पिवळी पडली होती, टाके शाबूत होते. दुसऱ्या दिवशी इंजिनिअर पोरीचा पोलादी टेप मागून घेतला आणि मैदानावर दोन्ही शेजारी शेजारी पसरले. पन्नास मीटरला अर्ध्या बोटाचाही फरक नव्हता.

मला वाटलं होतं मी रडेन. मला राग आला. मी इतकी वर्षं जपलेलं ते सगळं, ती शिट्टी, पाठीवरची थाप, पहाटेचं दार वाजणं, त्या सगळ्याखाली चार मीटर होते आणि त्या माणसाला ते पहिल्या दिवसापासून माहीत होते. खुंट्या त्यानंच सरकवल्या होत्या.

आठवडाभरात सर स्वतः वर्गावर आले. आता काठी घेऊन चालतात, वेलदोडा अजून तोंडात असतो. हातात अर्ज. पूर्ण चारशे मीटरसाठी गाळे पाडू नयेत, आहे तोच ट्रॅक सरावासाठी पुरेसा आहे, अशी खेळाडूंची विनंती. "तुझी सही वर पाहिजे," म्हणाले. "रेकॉर्ड तुझ्या नावावर हाय."

मी विचारलं, "सर, तुम्हांला माहीत होतं ना?"

त्यांनी काय माहीत होतं असं विचारलं नाही. "अगं, चार मीटरनं काय हुतंय?" म्हणाले. "पोरी पळाल्या का न्हाई? तुझा फोटो आला का न्हाई पेपरात? ह्या गाळ्यात किती पोरं शिकून गेली, तूच जेवतीस ना ह्याच्यावर?"

"आणि चाचांचं नाव का घेतलंत?"

त्यांनी जरा विचार केला. खरंच विचार केला, जुनी गोष्ट आठवावी तसा. "कुणाचं तरी घ्यावंच लागतं. आन् म्हातारा तसा बी बोलणार न्हवता."

मी अर्ज तसाच परत दिला. ते काठी टेकत निघून गेले. दिवाळीनंतर वर्ग माझ्याकडे राहील की नाही, ठाऊक नाही. त्याची मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू. सतरा वर्षांत दुसरं काही जमवलेलं नाही.

चाचांच्या दुकानात आता बिलकिस बसते. लेडीज टेलर अशी पाटी आहे, मशीन विजेवर चालतं. परवा मी नवार घेऊन गेले. दिवाळीची गर्दी होती, तशीच. आत शिरून, गिऱ्हाइकांच्या मधून वाकून मी हळूच म्हणाले, "बिलकिस, पट्टी बरोबर होती."

तिनं ओठांतली टाचणी काढली. "हमकू मालूम है, बाजी. अब्बाकूबी मालूम था." मग माझ्या हातातल्या गुंडाळीकडे बघून म्हणाली, "तुमने वो बात उधर बोली थी. पायरीपर खडे रहके. ये अंदर आके कायकू बोल रहे?"

मी बाहेर आले. पायरी तीच आहे, फरशी नवी बसवलीय. समोर फटाक्यांची गाडी, आकाशकंदील, दुचाकींची कोंडी. मी वर्गात बोलते त्या आवाजात ओरडले, "महबूबचाचांची पट्टी बरोबर होती! माप चाचांचं चुकलं नव्हतं!"

दोन बायकांनी वळून बघितलं. एका ॲक्टिव्हावाल्यानं गाडी जरा हळू केली. माझा जुना विद्यार्थी असावा. "मॅडम, क्लासला सुट्टी लागली का?" असं विचारून तो पुढे गेला. बाकी कोणी थांबलं नाही. ज्या बाजारानं तेव्हा ऐकलं होतं तो बाजार आता तिथं नव्हताच.

मागे आत मशीन थांबलं होतं.

"और एक बार," बिलकिस म्हणाली. "जोर से. अब्बाकू कम सुनाई देता था."

मी पुन्हा ओरडले.